फळ्यांच्या खाचा जुळत नाहीत तेव्हा : पॉवर जॉइनर नव्याने वापरणाऱ्यांसाठी

दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या, दोन्हींच्या कडांत पॉवर जॉइनर मशीनने खाचा पाडून मध्ये सुटी टेनन (दोन्ही खाचांत शिरणारी चपटी लाकडी पट्टी) बसवायची, गोंद लावून क्लॅम्प आवळायचे. कागदावर काम इतकं सोपं आहे. प्रत्यक्षात पहिल्या दोन-तीन जोडण्यांतच नवख्याच्या हाताला सांध्यावर पायरी लागते: एक फळी अर्धा मिलिमीटर वर, दुसरी खाली. कधी टेनन आत जातच नाही, तर कधी जाते आणि फळ्यांची टोकं पुढेमागे होतात. मग बहुतेक जण पहिल्यांदा मशीनच्या स्क्रूंना हात घालतात. तसं करू नका. मशीनची सेटिंग बिघडलेली असणं हे सगळ्यात कमी वेळा सापडणारं कारण आहे. मशीन फळीवर नीट टेकलं नव्हतं, हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं.

हा लेख फेस्टूल डॉमिनो डीएफ ५०० सारखं मशीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. या मशीनमध्ये कटर गोल फिरता फिरता डावीकडून उजवीकडे झुलतो आणि लांबट खाच पाडतो. बिस्किट जॉइनर (टेननऐवजी लाकडाची पातळ, लंबगोल चकती बसवण्यासाठी खाच पाडणारं मशीन) वापरणाऱ्यांनाही उंचीबद्दलचं सगळं जसंच्या तसं लागू आहे. फरक एवढाच की बिस्किटाच्या खाचेत लांबीच्या दिशेने थोडी मोकळीक आपसूक असते, डॉमिनोच्या अरुंद खाचेत ती नसते.

आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखा

जोड गोंदाने बंद झाल्यावर शोध घेण्यात अर्थ नाही. त्याच लाकडाचे, त्याच जाडीचे, साधारण हातभर लांबीचे दोन तुकडे घ्या. दोन्हींच्या वरच्या बाजूवर पेन्सिलने मोठी खूण करा. तीन-तीन खाचा पाडा, गोंद न लावता टेनन घालून तुकडे जोडा आणि हलकेच क्लॅम्प लावा. आता बोटाचं टोक सांध्यावरून आडवं फिरवा. डोळ्यांना न दिसणारी पायरी बोटाला लगेच कळते. किती आहे हे मोजायचं असेल तर खालच्या फळीवर प्रिंटरच्या साध्या कागदाचे तुकडे एकावर एक ठेवत जा. एका कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते, म्हणजे चार कागदांनी पातळी जुळली तर चूक सुमारे ०.४ मिमी.

टेनन फार घट्ट बसत असतील तर चाचणीसाठी दोन-तीन टेननच्या बाजू पॉलिश पेपरवर घासून सैल करून ठेवा आणि त्यांच्यावर रंगाची खूण करा. नाहीतर प्रत्येक चाचणीनंतर पक्कड घेऊन ओढत बसावं लागतं. अर्थात या सैल टेनन खऱ्या जोडात वापरायच्या नाहीत, आणि घासताना फार पातळही करायच्या नाहीत, नाहीतर त्या हलतील आणि पायरीचं माप खोटं येईल.

आता तिन्ही जागची पायरी एकमेकींशी ताडून बघा. तिन्ही ठिकाणी पायरी सारखीच आणि एकाच बाजूला असेल तर चूक सेटिंगची किंवा फळी उलटी धरल्याची. एका जागी ०.२, दुसऱ्या जागी ०.६, तिसऱ्या जागी काहीच नाही, असं असेल तर चूक टेकण्याची आणि हाताची. पायरी नाही, पण पट्टी आडवी ठेवली की सांध्यापाशी जोड कौलासारखा वाकलेला दिसतो, तर कोनाची भानगड. टेनन एका फळीत छान जाते पण दोन्ही फळ्या एकत्र येताना अडकते, तर खाचा तिरप्या आहेत किंवा आडव्या सरकल्या आहेत. इतकं ओळखलं की अर्धं काम झालं, कारण आता पुढचे सगळे भाग वाचायची गरज नाही. आपला तेवढा वाचा.

पायरी दर ठिकाणी वेगळी येते

सगळ्यात मोठा आरोपी म्हणजे टेबल. डीएफ ५०० च्या तळापासून कटरच्या मध्यापर्यंतचं अंतर १० मिमी असतं. समजा फळी १८ मिमी जाडीची आहे, ती टेबलावर सपाट ठेवली आहे आणि फेन्स (फळीच्या वरच्या पृष्ठावर टेकणारी, उंची बदलता येणारी मशीनची पट्टी) ९ मिमीवर लावला आहे. फेन्सच्या हिशेबाने मशीनचा तळ फळीच्या खालच्या पातळीपेक्षा १ मिमी खाली जायला हवा. पण खाली टेबल आहे. तळ टेबलावर टेकतो, फेन्स फळीपासून १ मिमी वर तरंगतो आणि खाच वरच्या पृष्ठापासून ९ ऐवजी ८ मिमीवर पडते. जोर लावून दाबलं तर मशीन किंचित कलतं आणि आकडा आणखी तिसराच येतो. फळी २० मिमीची असेल तर तळ आणि टेबल बरोबर एका पातळीला येतात. ऐकायला बरं वाटतं, पण मध्ये भुशाचा एक कण आला की खेळ संपला.

यावर उपाय साधा आहे. फळीची कड टेबलाच्या बाहेर पाच-सहा सेंटिमीटर काढा आणि फळी क्लॅम्पने पक्की करा. मशीनचा तळ हवेत राहिला पाहिजे. टेकायचं ते फक्त फेन्सने, फळीच्या वरच्या पृष्ठावर. एका मशीनला दोन आधार दिले की ते कुठल्यावर विश्वास ठेवतं हे तुम्हाला कळत नाही.

उलट पद्धतही चालते: फेन्स पूर्ण वर उचलून ठेवायचा, फळी आणि मशीन दोन्ही एकाच सपाट पाटावर ठेवायचे आणि मशीनच्या तळालाच आधार मानायचं. मग प्रत्येक खाच खालच्या पृष्ठापासून १० मिमीवर पडते. १८ ते २२ मिमीच्या फळ्यांना हे छान जमतं, फक्त चांगली बाजू खाली ठेवायची, आणि पाट खरोखर सपाट हवा. मला स्वतःला फेन्सची पद्धत जास्त आवडते, कारण लांब फळी थोडी कमानदार असली तरी फेन्स तिच्या पाठीवरून चालतो, पाट मात्र तिला जागोजागी सोडून देतो. कोणतीही निवडा, पण एका जोडात दोन्ही मिसळू नका.

दुसरा आरोपी हात. डावा हात पुढच्या मुठीवर, फेन्सच्या बरोबर वर, आणि त्याचा जोर सरळ खाली. उजवा हात मागच्या अंगावर, आणि त्याचं काम फक्त पुढे ढकलण्याचं. नवख्यांचा उजवा हात नकळत वरून दाबतो, मागचं जड अंग खाली झुकतं आणि फेन्सची पुढची कड उचलली जाते. हे तपासायला मशीन बंद असताना, प्लग काढून, फेन्स फळीवर टेकवा आणि फेन्सखाली कागदाचा तुकडा घालायचा प्रयत्न करा. मग नेहमीसारखं ढकलून पुन्हा घाला. दुसऱ्यांदा कागद शिरला तर कारण सापडलं.

क्रम असा ठेवा: फेन्स टेकवा, दाबा, मशीनची पुढची पाटी (जिच्यातून कटर बाहेर येतो ती) कडेला भिडवा, खूण जुळवा, मशीन चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग सावकाश आत. बाहेर येईपर्यंत डाव्या हाताचा दाब तसाच. आत जाण्याचा वेग ही नवख्यांची हमखास चूक असते. कटर बाजूला झुलत कापतो, त्यामुळे घाईने ढकललं की कडक लाकडात मशीन आडवं ओढलं जातं, खाचेच्या कडा खरबरीत होतात आणि आवाजही चिरका येतो. मऊ लाकडात दोन-तीन सेकंद, कडक लाकडात त्याहून जास्त लागू द्या.

आणखी तीन गोष्टी इथेच बघून टाका. कडेवर रंध्याने उठलेली बारीक कुसळं बोट फिरवून काढा, ती फेन्सला उचलून धरतात. भुसा ओढणारा व्हॅक्यूम जोडलेला असू द्या, कारण तो नसला की भुसा फेन्सखालीही जमतो आणि खाचेच्या तळाशीही. आणि फेन्सच्या उंचीची कळ घट्ट आहे का बघा. ती किंचित सैल असली की थरथरीने फेन्स सरकतो, आणि तेव्हा पायरी पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत हळूहळू वाढत गेलेली दिसते.

पायरी सगळीकडे सारखीच आहे

इथे पहिला प्रश्न एकच: दोन्ही फळ्यांच्या खाचा एकाच बाजूकडून मोजल्या का?

दोन्ही फळ्यांची वरची बाजू वर ठेवून, फेन्स त्याच बाजूवर टेकवून खाच पाडली असेल तर खाच जाडीच्या बरोबर मध्यावर आहे की नाही याने काही बिघडत नाही. दोन्हींकडे ती वरून तेवढ्याच अंतरावर आहे, म्हणून वरची पातळी जुळणारच. पण एक फळी चुकून उलटी ठेवली गेली की मध्यापासूनची चूक दुप्पट होऊन समोर येते. उदाहरण घ्या: फळी प्रत्यक्षात १९ मिमीची आहे आणि तुम्ही २० ची समजून फेन्स १० वर लावलात. खाच मध्यापासून अर्धा मिमी बाजूला. दोन्ही फळ्या सुलट असतील तर कुणाला कळणारही नाही. एक उलटी झाली तर सांध्यावर पूर्ण १ मिमीची पायरी.

म्हणून पायरीचं माप निम्मं करा आणि ते तुमच्या फळीची खरी जाडी व फेन्सचा आकडा यांच्या हिशेबाशी जुळतं का बघा. जुळलं तर चोर सापडला. डीएफ ५०० वरचं पायऱ्यांचं गेज (फळीची जाडी निवडून फेन्स मध्यावर लावायचं मापक) १६, २०, २२, २५, २८, ३६ आणि ४० मिमी जाडीसाठी असतं. रंधा मारून १८.५ झालेल्या फळीला त्यात जागा नाही, तेव्हा गेजवर विसंबून ‘मध्यावर आहे’ असं गृहीत धरू नका. व्हर्नियरने जाडी मोजा.

फळ्या वेगवेगळ्या जाडीच्या असतील तरी घाबरायचं कारण नाही. वरच्या बाजूवर खुणा करा, फेन्स एकदाच लावा आणि पूर्ण काम होईपर्यंत त्याला हात लावू नका. जाडीतला फरक सगळा खालच्या बाजूला जाईल, तिथे रंधा मारता येतो. खुणा करायला मी सगळ्या फळ्या क्रमाने शेजारी मांडून त्यांच्यावरून एक मोठा त्रिकोण काढतो. एखादी फळी उलटली किंवा जागा बदलली की त्रिकोण मोडलेला दिसतो.

पायरी नाही, पण जोड वाकलेला आहे

आधी टेनन काढून टाका आणि दोन्ही फळ्या नुसत्या कडेला कड लावून त्यांच्यावर सरळ पट्टी आडवी ठेवा. वाक तरीही दिसतो? मग खाचांचा काही दोष नाही, फळ्यांच्या कडा काटकोनात नाहीत. गुण्या लावून तपासा आणि कड पुन्हा रंधून घ्या. हे आधीच करायला हवं होतं, कारण कड काटकोनात नसेल तर मशीनची पुढची पाटी कडेला भिडते तेव्हा फेन्स उचलला जातो, आणि फेन्स टेकवला तर पाटी फट सोडते. दोन्ही एकदम टेकूच शकत नाहीत. काटकोनात नसलेली कड म्हणजे प्रत्येक खाचेला नवा कोन. वाटीसारखी वाकलेली फळीही अशीच फसवते, म्हणून आधी पृष्ठ सपाट, मग कड काटकोनात, मग खाचा, हा क्रम मोडू नका.

टेनन काढल्यावर फळ्या सरळ दिसतात आणि टेनन घातली की वाकतात, असं असेल तर खाच पृष्ठाला समांतर आत गेलेली नाही. फेन्स ९० अंशांवर नाही. फेन्सचा कोन बदलण्याच्या खोबणीत भुसा अडकून कळ अर्धवट बसली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आधी ब्रशने साफ करा, पुन्हा बसवा. मग प्लग काढून छोटा गुण्या फेन्स आणि पुढच्या पाटीच्या मध्ये धरा आणि मागून उजेड येतो का बघा. तरीही फट दिसली आणि तुमच्या मॉडेलला ९० अंशांचा थांबा जुळवणारा स्क्रू असेल, तर आता त्याला हात लावा. एका वेळी थोडासा फिरवा, दर वेळी चाचणीचे तुकडे कापा.

टेनन अडकते

एका फळीत टेनन व्यवस्थित जाते, दुसरीतही सुटी जाते, पण दोन्ही फळ्या एकत्र येत नाहीत. इथे दोन शक्यता.

पहिली, खाचा लांबीच्या दिशेने जुळत नाहीत. बहुतेक वेळा पेन्सिल दोषी असते. दोन्ही फळ्या क्लॅम्प करून एकदमच खूण ओढा. रेघ बारीक हवी. मशीनच्या पारदर्शक खिडकीतली रेघ बघताना डोळा बरोबर वर असू द्या, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून बघितलंत तर अर्धा-एक मिमी सहज जातो. मशीनच्या बाजूच्या थांब्याचा (फळीच्या टोकाला टेकणाऱ्या खिट्टीचा) आधार घेत असाल तर लक्षात ठेवा की एका फळीला डावा थांबा वापरला तर समोरच्या फळीला त्याच टोकाकडून उजवा थांबा लागतो, कारण जोडताना त्या समोरासमोर येतात. दोन्ही थांबे मध्यापासून सारख्याच अंतरावर आहेत की नाहीत हे एका चाचणीत कळतं. आणि आधीच्या खाचेवरून पुढची, तिच्यावरून आणखी पुढची असं मोजत गेलात तर प्रत्येक वेळची बारीक चूक जमा होत जाते. लांब फळीला हे परवडत नाही, सगळ्या खुणा एकाच टोकापासून मोजा.

यासाठी मशीनमध्येच सोय आहे. डीएफ ५०० वर खाचेची रुंदी तीन प्रकारे लावता येते: कटरच्या व्यासात १३, १९ किंवा २३ मिमी मिळवून. म्हणजे मधल्या सेटिंगवर टेननला दोन्ही बाजूंना ३-३ मिमी आणि रुंद सेटिंगवर ५-५ मिमी जागा मिळते. नेहमीची युक्ती अशी की एका टोकाची पहिली खाच दोन्ही फळ्यांत अरुंद ठेवायची, तीच लांबीची जागा ठरवते. बाकीच्या खाचा एका फळीत अरुंद आणि दुसरीत मधल्या मापाच्या. उंची प्रत्येक टेनन सांभाळते, लांबीची चूक मोकळ्या जागेत मुरते. रुंदीची चकती मात्र मशीन चालू असतानाच फिरवायची, बंद मशीनवर ती नीट बसत नाही आणि मग खाच कुठल्याच मापाची येत नाही.

दुसरी शक्यता जरा विचित्र आहे आणि नवख्यांना ती सुचत नाही. खाच आडवी बघितली तर तिचं एक टोक पृष्ठाजवळ आणि दुसरं टोक दूर असतं, म्हणजे कटरच्या झुलण्याची दिशा फेन्सला समांतर नाही. तुमच्या डाव्या हाताकडचं टोक ०.२ मिमी वर असेल, तर दोन्ही फळ्यांत ते तुमच्या डावीकडेच वर असणार. पण फळ्या समोरासमोर आल्या की एकीची डावी बाजू दुसरीच्या उजवीला भिडते, आणि दोन खाचा एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. तपासायला खाचेच्या दोन्ही टोकांचं वरच्या पृष्ठापासूनचं अंतर व्हर्नियरने मोजा. दर खाचेत फरक एकाच दिशेला आणि तेवढाच दिसला तर आधी फेन्सची सरकपट्टी स्वच्छ करा, फेन्स पूर्ण मोकळा करून पुन्हा आवळा. एवढ्याने गेलं तर ठीक. नाही गेलं तर घरी उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

सांध्यात लांबभर सारखी फट राहते आणि क्लॅम्प आवळूनही जात नाही, तेव्हा खोली बघा. ४० मिमीच्या टेननला दोन्हीकडे २०-२० हवं. एका फळीत चुकून १५ वर कापलं गेलं असेल, किंवा तळाशी भुसा बसला असेल. पटाशीने खरवडा किंवा व्हॅक्यूमची नळी लावा.

बिघडलेली खाच कशी वाचवायची

पॅनेल जोडताना टेननचं मुख्य काम पातळी धरण्याचं असतं. कडेला कड लावून लाकडाच्या रेषांच्या दिशेने केलेला गोंदाचा सांधा स्वतःच पुरेसा मजबूत असतो. तेव्हा एखादी खाच चुकली तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तिथे टेनन न घालणं, आणि दोन्ही फळ्यांत पाच-सात सेंटिमीटर बाजूला नवी खाच पाडणं. पॅनेलला टेननमध्ये २०० ते ३०० मिमी अंतर पुरतं. त्यापेक्षा दाट टाकल्या तर ताकद फारशी वाढत नाही, न जुळणाऱ्या खाचांची संख्या मात्र नक्की वाढते.

त्याच जागी खाच हवीच असेल तर जुन्या खाचेत गोंद लावून टेनन ठोका, गोंद पूर्ण वाळू द्या, कडेबरोबर कापून सपाट करा आणि पुन्हा खाच पाडा. ओल्या गोंदावर घाई केली तर कटर नवी टेनन फिरवून बाहेर काढतो.

पायरी ०.२-०.३ मिमीची असेल आणि फळ्यांवर अजून रंधा किंवा स्क्रॅपर फिरायचाच असेल, तर खाचांशी झगडत बसू नका. त्याहून मोठी असेल तर टेननचं एक पृष्ठ अर्ध्या लांबीपर्यंत पॉलिश पेपरवर घासून पातळ करा आणि फळी हवी तिकडे सरकवून क्लॅम्प करा. घासलेलं अर्धं त्याच फळीत जायला हवं जिला सरकवायचं आहे, आणि घासलेली बाजू फळी जिकडून सरकणार त्या बाजूला. वरची फळी खाली आणायची असेल तर टेननचं वरचं पृष्ठ घासा.

टेनन आधीपासूनच घट्ट असतील तर त्यांनी हवेतला ओलावा ओढलेला असतो. त्या बंद डब्यात ठेवत जा. पाण्यावर आधारित गोंदाने त्या आणखी फुगतात, म्हणून गोंद लावल्यावर गप्पा नकोत: गोंदाशिवायची कोरी जुळणी आधीच करून बघितलेली असावी, क्लॅम्प त्या मापाला उघडून ठेवलेले असावेत. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आळीपाळीने लावा. सगळे एकाच बाजूला लावले तर पॅनेल वाकतं. आवळताना प्रत्येक टेननपाशी बोट फिरवत जा. एखाद्या जागी पायरी वाटली तर तो क्लॅम्प थोडा सैल करून उंच बाजूवर लाकडी तुकडा ठेवून हातोडीने हलका ठोका द्या, आणि मग पुन्हा आवळा.